वणवा विझवायला कोण धावतं?

१८६०च्या दशकात सातपुड्यातल्या बोरी नावाच्या जंगलात एक प्रयोग झाला. मध्य प्रांताच्या वनखात्याचा प्रमुख कॅप्टन पिअर्सन याने ठरवलं, की यंदाच्या उन्हाळ्यात हे रान पेटू द्यायचं नाही. आज यात विशेष काही वाटणार नाही, पण तेव्हा बऱ्याच इंग्रज अधिकाऱ्यांना हे अशक्य वाटायचं. मध्य भारतातली रानं दर उन्हाळ्यात जळायचीच. जसा पावसाळा, तसा वणवा. पिअर्सनने जंगलाभोवतीचं गवत आधीच जाळून मोकळे पट्टे तयार केले, राखणीला माणसं बसवली आणि रान वाचवून दाखवलं. बोरी पुढे देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांपैकी एक झालं. आणि ती मोकळ्या पट्ट्यांची युक्ती आजही चालू आहे. आपलं वनखातं दर वर्षी उन्हाळ्याआधी ‘जाळरेषा’ काढतं, ती हीच.

म्हणजे वणवा थांबवायचं तंत्र आपल्याकडे दीडशेहून जास्त वर्षं आहे. शिवाय आता उपग्रह आहेत. कुठे आग लागली की काही तासांत वनरक्षकाच्या मोबाईलवर मेसेज येतो. नासाची आगी दाखवणारी वेबसाईट तुम्हीही फोनवर उघडू शकता. मार्चच्या शेवटी उघडा आणि गडचिरोली-चंद्रपूरवर बोटांनी झूम करा. लाल ठिपके इतके दाट असतात की खालचा नकाशा दिसेनासा होतो.

तंत्र जुनं, त्यात उपग्रहाची भर, तरी रान जळतंच. मग काय राहून गेलं? मी या विषयाचे जुने कागद वाचायला लागलो ते या प्रश्नापायी. उत्तर झाडांबद्दलच्या पुस्तकांत कमी सापडलं आणि कायद्याच्या इतिहासात जास्त.

रान जळतं म्हणजे नेमकं काय होतं

आपल्याकडचा वणवा सिनेमातल्यासारखा नसतो. कॅलिफोर्नियात किंवा ऑस्ट्रेलियात आग झाडांच्या शेंड्यांवरून धावते आणि वस्त्या गिळते. विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात ती जमिनीवरून सरपटते. ज्वाळा गुडघाभर, फार तर कमरेइतक्या. साग, ऐन, मोह, तेंदू ही झाडं उन्हाळा लागता लागता पानं टाकतात. त्या वाळक्या पाचोळ्यात एक ठिणगी पडली की आग रात्रभर डोंगर चढत राहते. मोठ्या झाडांची साल जाड असते, ती बहुतेक तगतात. जूनमध्ये पाऊस पडतो, सगळं हिरवं होतं आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच बिघडलं नाही.

बिघडतं ते खाली. बी रुजून आलेलं बोटभर रोप पहिल्याच आगीत जळतं. गंमत अशी की, त्याचं मूळ बऱ्याचदा मरत नाही. पावसाळ्यात ते पुन्हा फुटवा काढतं. पुढच्या मार्चमध्ये तोही जळतो. मूळ पुन्हा फुटतं, पुन्हा जळतं. असं वर्षानुवर्षं चालू राहतं. वर उभी असलेली झाडं म्हातारी होत जातात, काही तोडली जातात, काही वठतात आणि त्यांची जागा घ्यायला मधल्या वयाचं झाडच नसतं. ज्या गावातली सगळी तरुण मंडळी पुण्या-मुंबईला गेली आहेत, तसं ते जंगल दिसतं. घरं उभी, पण अंगणात पोर नाही.

दुष्काळ या आगीचा भाऊच. पाऊस कमी झाला की पानं लवकर गळतात, ओढे लवकर आटतात, गवत लवकर वाळतं आणि आगीचा हंगाम लांबतो. उलट बाजूने, पाचोळा जळून गेलेली जमीन उघडी पडते. पहिल्या जोराच्या सरीत तिची माती वाहून जाते, पाणी मुरत नाही. म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तरी त्या रानापुरता दुष्काळच असतो. दुष्काळ आगीला वाट करून देतो आणि आग पुढच्या दुष्काळाची तयारी करून ठेवते.

पण यात एक आशेची गोष्टही आहे. मुळं जिवंत आहेत. म्हणजे असं जंगल परत आणायला बहुतेक ठिकाणी कोट्यवधी रोपांची गरज नाही. काही वर्षं आग आणि अतिचराई थांबली, तर ते स्वतःच उठतं. फक्त कुणीतरी फेब्रुवारी ते जून सलग चार-पाच वर्षं त्याची राखण करायला हवी. ही राखण नोकरीतला एक वनरक्षक करू शकत नाही. त्याच्या वाट्याला काही शे हेक्टर, कुठे कुठे हजाराच्या वर येतात. आग लागली तेव्हा ज्यांचं घर जवळ आहे, ती माणसं धावली तरच ती विझते.

म्हणून प्रश्न असा आहे, की त्यांनी का धावावं?

पुण्याचं एक जुनं निवेदन

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. पुढच्या काही दशकांत रूळ देशभर पसरले. एका मैलाच्या रुळाखाली दोन हजारांच्या आसपास लाकडी स्लीपर लागायचे आणि ते सडले की बदलावेही लागायचे. साग, साल आणि देवदार यांना अचानक सोन्याचा भाव आला. १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ देशाचा पहिला वनमहानिरीक्षक झाला आणि १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला. तो सरकारला पुरेसा कडक वाटेना, म्हणून दुसऱ्या कायद्याची तयारी सुरू झाली.

या तयारीत सरकारच्या आतच मोठा वाद झाला. बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की जंगलावर मालकी सरकारची. गावकरी आजवर वापरत आले ती केवळ राजाने दिलेली सवलत, तो हक्क नव्हे. मद्रासच्या महसूल अधिकाऱ्यांचं मत याच्या अगदी उलट होतं. जंगलं गावांची आहेत, सरकारने त्यात घुसू नये. ब्रँडिस मधला. त्याला सरकारची राखीव जंगलं हवी होती, पण गावांची स्वतःची जंगलंही हवी होती.

याच वेळी दख्खनमध्ये १८७६ ते ७८चा भीषण दुष्काळ चालू होता. पुण्याची सार्वजनिक सभा, म्हणजे न्यायमूर्ती रानडे आणि ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी यांची सभा, तेव्हा दुष्काळी गावांतून माहिती गोळा करत होती. त्याच सभेने १८७८ मध्ये वन कायद्याच्या मसुद्यावर सरकारला निवेदन दिलं. त्याचा आशय आजही वाचताना थांबायला होतं. सभेने जंगल राखू नका असं म्हटलं नव्हतं. जंगल राखायचं असेल तर गावकऱ्याला विश्वासात घ्या, तो आपलं रान सांभाळत असेल तर त्याला बक्षीस द्या. शिक्षा आणि जप्तीच्या वाटेने हे होणार नाही, असा त्यातला मुद्दा होता.

सरकारने ऐकलं नाही. १८७८चा कायदा बेडन-पॉवेलच्या बाजूने झुकला. त्यात ‘ग्रामवन’ हा शब्द होता, पण तो बहुतेक कागदावरच राहिला. चराई, सरपण, मोहफुलं, घरासाठी बल्ल्या, ज्याला विदर्भात ‘निस्तार’ म्हणतात ते सगळं, सरकारच्या मर्जीवर आलं. पाच वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा जंगलखात्याने डोंगर आणि गायरानं गिळल्याची तक्रार त्यात होतीच. ठाणे-कुलाब्यात असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला.

आता आगीकडे परत येऊ. १९२७ मध्ये हा कायदा नव्याने लिहिला गेला आणि तोच आजही लागू आहे. त्यातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. कलम ७९ सांगतं, की ज्यांना जंगलात हक्क आहेत, जे तिथून काही नेतात किंवा तिथे गुरं चारतात, त्यांनी आगीची खबर दिली पाहिजे आणि ती विझवायला मदत केली पाहिजे. कलम २६ सांगतं, की राखीव जंगलात मुद्दाम किंवा अक्षम्य निष्काळजीपणाने आग लावली गेली, तर सरकार तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळासाठी बंद करू शकतं. आग एकाने लावायची आणि गुरं सगळ्या गावाची उपाशी राहायची. म्हणजे विझवणं ही सक्ती आणि जळलं तर दंड सामायिक. जंगल वाचलं तर गावाला काय, याबद्दल या कलमांत काहीच नाही.

आग ही भाषा होते तेव्हा

ज्यांच्याकडे अर्ज करायची सोय नसते, ते दुसऱ्या भाषेत बोलतात. १९२१ मध्ये कुमाऊँच्या डोंगरात ही भाषा सगळ्या देशाला ऐकू आली. त्या वर्षी जानेवारीत बागेश्वरच्या मेळ्यात लोकांनी वेठबिगारीच्या वह्या नदीत बुडवल्या होत्या. उन्हाळ्यात जंगलं पेटली. लाखो एकर जळाले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी यातली एक बाब नेमकी टिपली आहे. आगी मुख्यतः चीड पाइनच्या जंगलांना लागल्या होत्या, ज्यांतून सरकार लाकूड आणि राळ काढायचं. गावांना चारा आणि पाणी देणारी बांजची, म्हणजे ओकची, रानं लोकांनी बहुतांशी वाचवली होती. जळणारा वणवा आंधळा असला, तरी लावणारे आंधळे नव्हते. सरकारने चौकशी समिती नेमली, काही निर्बंध सैल केले आणि १९३१ मध्ये वनपंचायतीचे नियम आले. गावाने निवडलेल्या पंचांकडे जंगलाचा कारभार. ती व्यवस्था उत्तराखंडात आजही आहे.

आपल्याकडे त्याच सुमाराला लढाई गवताच्या पेंढीवरून झाली. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. दांडीला मीठ होतं. विदर्भाला समुद्र नाही, पण जंगल होतं. त्या पावसाळ्यात जंगल सत्याग्रह वऱ्हाड, मध्य प्रांत, नाशिक-नगर, सातारा-सांगलीपासून कोकणापर्यंत पोचला. २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला गोळीबार झाला आणि माणसं मेली. शाळेत हा धडा आपण स्वातंत्र्यलढ्याचा म्हणून शिकतो. तो जंगल कुणाचं, या प्रश्नाचाही धडा आहे. ते कुणी सांगत नाही.

खुद्द वनखात्यातही सगळे एकमताचे नव्हते. १८९६ मध्ये स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ या खात्याच्याच मासिकात लिहिलं, की ब्रह्मदेशात आगीपासून संरक्षण जरा जास्तच होतंय. कारण आग पूर्ण बंद केल्यावर ओलसर रानात बांबू आणि इतर झाडोरा इतका माजला की सागाचं रोप वर येईना. पुढे तिथे बऱ्याच भागात आग रोखण्याचा हट्ट सोडून दिला गेला. त्यामुळे ‘आग म्हणजे नेहमीच वाईट’ हेही खरं नाही. कुठल्या रानात, कुठल्या महिन्यात, किती वर्षांनी, हे ठरवावं लागतं. थंडीच्या शेवटी, जमिनीत थोडी ओल असताना लावलेली छोटी आग आणि एप्रिलच्या दुपारी सुटलेला वणवा, यांत चूल आणि घर पेटणं यांच्याइतका फरक आहे. हा फरक त्या रानात रोज फिरणाऱ्याला कळतो. पण तो त्या रानात परका ठरवला गेला, की त्याचं हे ज्ञानही गुन्हा होतं.

मोह, तेंदू आणि एक काकाजी

वणवे कोण लावतं? आपल्या पानगळीच्या रानात मार्च-एप्रिलमधल्या आगी जवळपास सगळ्या माणसाच्या हातून लागतात. फेकलेली विडी, रस्त्याकडेची शेकोटी, शेतातला पेटवलेला काडीकचरा यांतून काही. पण दोन कारणं हंगामी आणि पैशाची आहेत. मोहफुलं पहाटे टपटप गळतात. ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि ती आग तिथेच थांबत नाही. दुसरं कारण तेंदू, म्हणजे विडीचं पान. झुडपाला कोवळी, मोठी पानं फुटावीत म्हणून त्याची छाटणी करायची असते. ती मजुरीची. त्यापेक्षा रान पेटवून दिलं की जळलेल्या झुडपाला आपोआप नवा फुटवा येतो. १९६९ मध्ये महाराष्ट्राने तेंदूच्या व्यापारासाठी कायदा केला आणि तो सरकारी नियंत्रणाखाली आणला. हंगामापुरता येणारा ठेकेदार, हंगामापुरती मजुरी मिळणारं गाव आणि कायमचं मालक असलेलं सरकार. या तिघांपैकी पुढच्या वीस वर्षांच्या रोपांची काळजी कुणाला असेल?

काही वर्षांपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात मी हाच प्रश्न एका वयस्कर माणसाला विचारला. समोरच्या टेकडीवर आगीची रेघ दिसत होती आणि गावात कुणालाच घाई नव्हती.

“काकाजी, विझवायला जात नाही का कुणी?”

“जाऊ ना. पण ज्याचं जंगल त्यानं आधी जावं का नाही, बापू?” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “माझ्या बापाच्या वेळी जात होते म्हणतात. तेव्हा निस्ताराचं रान होतं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. शेजाऱ्याच्या शेतातल्या आगीबद्दल बोलावं, तसं ते बोलत होते. पुण्याच्या सभेने १८७८ मध्ये जे लिहिलं, त्याचा पुरावा मला त्या ओट्यावर मिळाला.

जमिनीखालचं जंगल

हीच गोष्ट आफ्रिकेतल्या नायजर देशात दुष्काळाच्या बाजूने घडली आणि तिथलं उदाहरण इतकं स्वच्छ आहे, की ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७० आणि ८०च्या दशकांत सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर भयंकर दुष्काळ पडले. टोनी रिनॉडो नावाचा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथे मारादी भागात झाडं लावत होता आणि ती मरत होती. मग त्याच्या लक्षात आलं, की शेतात जी झुडपं वाटतात ती खरं तर तोडलेल्या झाडांचे फुटवे आहेत. खाली मुळांचं अख्खं जंगल जिवंत आहे. फुटव्यांतले दोन-चार जोमदार ठेवायचे, बाकी छाटायचे, की झालं. १९८३च्या सुमारास सुरू झालेली ही पद्धत सुमारे ५० लाख हेक्टरवर पसरली असं मानलं जातं.

पण शेतकरी इतकी वर्षं ते फुटवे उपटून का टाकत होते? फ्रेंच राजवटीपासून झाडांची मालकी सरकारची होती. शेतात झाड वाढवलं तर ते आपलं होणार नव्हतं, तोडलं तर दंड. मग वाढवायचं कशाला? तो बडगा प्रत्यक्षात सैल झाला, शेतकऱ्याला झाड आपलं वाटू लागलं, आणि मग ही साधी छाटणी कामाला आली. फुटवे छाटण्याइतकीच ही मालकीची गोष्टही महत्त्वाची होती.

भारतात हा बदल कायद्यात यायला २००६ साल उजाडलं. वन हक्क कायद्याने गावाला त्याच्या परंपरागत जंगलाचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क दिला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे हा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याचा हक्क मान्य झाला. पण मेंढ्याची तयारी फार आधीची. १९८०च्या दशकात आदिवासींची जंगलं बुडवणाऱ्या धरणांविरुद्धच्या आंदोलनातून हे गाव जागं झालं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने अभ्यास गट चालवले, सर्वांच्या संमतीने निर्णय घ्यायची सवय लावली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने याहून धाडसी गोष्ट केली. २०१२ मध्ये त्यांना सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने हिशोब मांडला. तेंदूपानांत हमखास पैसा आहे, पण त्यासाठी झुडपं छाटली जातात, रान पेटवलं जातं आणि तेंदूचं फळ, जे लोक आणि पक्षी दोघंही खातात, ते हातचं जातं. गावाने तेंदूपान विकायचंच नाही असं ठरवलं. उत्पन्न बांबूतून काढायचं. शिवाय जंगलाचा एक भाग कशालाच हात न लावता देवराई म्हणून राखून ठेवायचा. परिस्थितीशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या निर्णयाबद्दल वारंवार लिहिलं आहे. सरकारने सांगितलं असतं की पानं तोडू नका, तर रात्री तोडली गेली असती. इथे गावाने स्वतःचं उत्पन्न स्वतः सोडलं, कारण पुढच्या वर्षीचं रानही त्यांचंच होतं.

अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर या कोरकू गावाला जवळपास उजाड झालेली सुमारे १९० हेक्टर जमीन मिळाली. त्यांनी चर खोदले, पाणी अडवलं, चराई आणि आग रोखली, मधल्या रिकाम्या जागी झाडं लावली. त्या डोंगरावरची सीताफळं पुढे मुंबईच्या बाजारात पोचली. आणि धुळे जिल्ह्यातलं बारीपाडा तर वन हक्क कायद्याच्या कितीतरी आधीचं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, पाण्यासाठी बायकांची पायपीट चालू असताना, चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी सुमारे साडेचारशे हेक्टर रान राखायला घेतलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्याला गावाचा दंड आणि राखणीची पाळी. रान दाटलं तसं विहिरींना पाणी टिकू लागलं. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

या चारही गावांत आग विझवायची पद्धत मात्र जुनीच. हिरव्या फांद्यांनी झोडपायचं, पुढचा पाचोळा झाडून पट्टा मोकळा करायचा, वारा बघून समोरून उलटी आग लावायची. आता हवेच्या झोताने पाचोळा उडवणारे ब्लोअर आलेत, त्यांनी काम हलकं होतं. पण ब्लोअर स्वतःहून टेकडी चढत नाही.

सगळं गोड नाही

गावाला हक्क दिला की जंगल वाचतंच, असं मी म्हणणार नाही. काही ग्रामसभा गावातल्या दोन-चार दांडग्यांच्या हातात जातात. काही ठिकाणी हक्काचा कागद आला, पण जंगलात काय करायचं यावर एक बैठकही झाली नाही. अनेक गावांचे दावे वर्षानुवर्षं पडून आहेत किंवा फेटाळले गेलेत. आणि जळत्या टेकडीवर रात्री-बेरात्री एकट्याने चढणारे वनरक्षक, रोजंदारीवरचे फायर वॉचर हेही याच गोष्टीतले लोक आहेत. गाव सोबत असेल तर त्यांचं ओझं हलकं होतं, एवढं तर खात्यातलेच लोक सांगतात.

दुसरीकडे, आपल्याला सोप्या आकड्यांची ओढ फार. महाराष्ट्राने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपं लावायचं लक्ष्य ठेवलं होतं. जुलैमध्ये खड्डा, रोप आणि फोटो. नंतर त्यातली किती जगली यावर विधानसभेत वाद झाले. वाद बाजूला ठेवला, तरी साधा हिशोब उरतो. जुलैत लावलेल्या रोपाची परीक्षा मार्चमध्ये असते आणि मार्चमध्ये तिथे फोटो काढायला कुणी नसतं. शिवाय जिथे जमिनीखाली मुळं जिवंत आहेत, तिथे खड्डे खणून नवं रोप लावणं म्हणजे घरात पेरता येईल असं बियाणं असताना बाजारातून महागडं आणण्यासारखं आहे. आणि जिथे मुळातच गवताळ माळ आहे, जसा दख्खनच्या पठारावर मोठ्या भागात आहे, तिथे तर जंगल ‘परत’ आणायचा प्रश्नच नाही. ते तिथे नव्हतंच.

पुणे सार्वजनिक सभेचं निवेदन १८७८चं, मेंढ्याचा हक्क २००९चा. मध्ये १३१ वर्षं गेली. या काळात झाडांबद्दलचं आपलं ज्ञान खूप वाढलं, पण जंगल राखायला राखणाऱ्याचा त्यात वाटा लागतो, हे पुण्यात तेव्हाच कुणीतरी लिहून ठेवलं होतं. बोरीत पिअर्सनला माणसं पगारावर बसवावी लागली. पाचगावात राखण करणाऱ्यांना रान वाचल्याचा फायदा रान वाचल्यामुळेच मिळतो. एवढाच फरक आहे आणि माझ्या मते सगळा फरक तोच आहे.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात कुणी तुम्हाला झाडं लावायला बोलावलं तर जरूर जा, पण तीन प्रश्न विचारा. इथे आधीचे फुटवे आहेत का? ही जमीन राखायची जबाबदारी कोणत्या गावावर आहे आणि जगलेल्या झाडातून त्या गावाला काय मिळणार? आणि फेब्रुवारीपासून इथे रात्री कोण असणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळू शकतात. तिसऱ्यासाठी तुम्हाला फेब्रुवारीत पुन्हा तिथे जावं लागेल. जाळरेषा काढायला हातांची तेव्हाच गरज असते.